बुडिताच्या काठावर मुक्काम

महाराष्ट्राच्या वाट्याला डोंगर आले, लांबलचक समुद्रकाठ आला, तळी मात्र फारशी आली नाहीत. लोणारचं विवर सोडलं तर चारचौघांत नाव घ्यावं असं नैसर्गिक सरोवर या राज्यात सांगता येत नाही. सह्याद्रीवर पाऊस धो धो पडतो आणि काळ्या कातळावरून तितक्याच घाईने निघून जातो. तरीही ‘तंबूत राहायला कुठे जायचं?’ असं कोणी विचारलं की आपल्या डोळ्यांसमोर पाणीच येतं. निळंशार, संथ, पलीकडे एखादा किल्ला आणि अलीकडे पिवळ्या-नारिंगी तंबूंची रांग. पवना, भंडारदरा, मुळशी, भाटघर, तापोळा, वैतरणा यांतलं एकही पाणी आपण होऊन तिथे थांबलेलं नाही. ते अडवलेलं आहे.

देशातली सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, हे आपण शाळेत अभिमानाने पाठ केलं. त्याची दुसरी बाजू अशी की आपण ज्याला रमणीय काठ म्हणतो, तो सरकारी कागदात ‘बुडीत क्षेत्रा’चा काठ असतो. पाण्याखाली कोणाची तरी भातखाचरं आहेत, खळी आहेत, देवळं आहेत. ज्या उतारावर आपण खुंट्या ठोकतो ती जमीन एकतर संपादित, नाहीतर एखाद्या धरणग्रस्ताची उरलीसुरली. हे कळल्याने चांदणं काही कमी होत नाही. पण कुठे राहायचं, पैसे कोणाच्या हातात द्यायचे आणि रात्री किती आवाज करायचा, या प्रश्नांची उत्तरं मात्र बदलतात. पुढच्या जागा मी त्याच नजरेने निवडल्या आहेत. यादी अपुरी आहे आणि आवडीनिवडी माझ्या आहेत.

सुरुवात पवनेपासून करावी लागते, कारण टेंटचा धंदा डोळ्यांत भरावा इतका फोफावला तो इथे. लोणावळा-कामशेतच्या दक्षिणेला, पवन मावळात, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे धरण झालं. एका अंगाला लोहगड आणि विसापूर, दुसऱ्या अंगाला तिकोना, आणि पाण्याच्या टोकाशी निमुळता तुंग. चार किल्ल्यांच्या मधोमध पाणी, तेही मुंबई-पुण्याहून दोन-तीन तासांवर. जागा देखणी आहे यात वादच नाही. लोहगड तर २०२५च्या जुलैमध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक.

आता शनिवारचं वेळापत्रक पाहा. दुपारी चेक-इन. संध्याकाळी चहा-भजी. अंधार पडला की बार्बेक्यूच्या सळया, मग ‘लाइव्ह म्युझिक’, म्हणजे गिटार घेतलेला एक मुलगा आणि दोन स्पीकर. जेवण, नाच, सकाळी पोहे, अकराच्या सुमारास चेक-आउट. रस्त्याला लागलं की वळणावळणावर पोरं हात दाखवतात, “दादा, टेंट पाहिजे का?” एका टेंटवाल्याचा स्पीकर थांबला की शेजारच्याचा सुरू होतो. आवाजाचा नियम साधा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. पवनेच्या काठी तो नियम दहा वाजताच झोपी जातो.

काठाची मालकी हा आणखी गुंत्याचा विषय. धरणासाठी जमीन संपादित होते ती पाणी पूर्ण चढल्यावर जिथपर्यंत येईल तिथपर्यंतची. हिवाळा सरता सरता पाणी ओसरतं, गाळ उघडा पडतो, आणि तो पट्टा हंगामापुरता धरणग्रस्तांना पेरायला द्यायची जुनी पद्धत आहे. त्याला गाळपेर म्हणतात. पाणलोटातली ही सर्वांत कसदार माती. आज अनेक काठांवर गाळपेरीच्या पट्ट्यात तंबू आणि रंगीत दिव्यांच्या माळा उगवतात. अधूनमधून जलसंपदा खात्याच्या नोटिसा निघतात, तंबू उठतात आणि काही आठवड्यांनी परत बसतात.

यात शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण पवनेच्या धरणग्रस्तांचं पुनर्वसन दशकानुदशकं रखडलं. पर्यायी जमिनीसाठी निम्म्याहून जास्त खातेदार वाट पाहत राहिले. ज्यांची खाचरं गेली त्यांच्याच गावांजवळून नदीत सोडलेलं पाणी खाली जाऊन पिंपरी-चिंचवडची तहान भागवतं. ते पाणी नदीऐवजी थेट धरणातून बंद जलवाहिनीने न्यायचा प्रकल्प आला तेव्हा मावळ पेटला. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. तीन जण मरण पावले, त्यांत एक बाई होती. प्रकल्प वर्षानुवर्षं ठप्प झाला. टेंटला जाणाऱ्या बहुतेक गाड्या याच महामार्गाने येतात. ज्याच्या बापाची जमीन पाण्याखाली गेली तो मुलगा त्या पाण्याच्या देखाव्यावर दोन पैसे मिळवत असेल तर त्यात वावगं काय, असा प्रश्न मावळात विचारतात, आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पाटी एका नावाची, जमीन दुसऱ्याची आणि बुकिंग घेणारा शहरात बसलेला तिसराच, अशीही कितीतरी ठिकाणं इथे आहेत. तिथे जमीनवाल्याच्या हाती भाडं तेवढं पडतं आणि सोमवारी बाटल्या वेचायचं काम.

उन्हाळ्यात पवनेचं पाणी खाली गेलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं. एरवी ते पाण्याखाली असतं. ते पाहायला गर्दी होते. पण त्याच पाण्याखाली विहिरी, बांध आणि झाडांचे खुंट आहेत हे पोहायला उतरणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. बॅकवॉटरमध्ये बुडून मेल्याच्या बातम्या दर हंगामात येतात त्यामागे दारू जितकी असते तितकीच ही न दिसणारी जमीन. काठाशी कमरेइतकं पाणी असतं, दोन पावलांवर जुन्या खाचराचा बांध संपतो आणि पाय गाळात जातो. पट्टीचे पोहणारेही तिथे अडकतात.

शनिवारची पवना मी कोणाला सुचवणार नाही. मंगळवार-बुधवारी, थंडीत, तुंगच्या बाजूला एखाद्या घराच्या अंगणात तंबू लावायची परवानगी मिळाली तर तेच ठिकाण ओळखू येत नाही. पहाटे पाण्यावर धुकं असतं, तिकोन्याचा माथा तेवढा वर, आणि घरातून भाकरी थापल्याचा आवाज येतो. जेवणात इंद्रायणी तांदळाचा भात मिळतो, तो मावळातच खावा.

भंडारदऱ्याची गोष्ट जुनी आहे. प्रवरा नदी रतनगडाच्या अंगावर उगम पावते आणि थोडं अंतर जाते न जाते तोच अडवली जाते. धरणाचं काम १९१० साली सुरू झालं, १९२६ साली मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी त्याचं उद्घाटन केलं. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांमध्ये गणली जाई. अकोले तालुक्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांच्या माथ्यावर पडलेला पाऊस इथे साठतो आणि कालव्यांनी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे जातो. तिथे त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले, सहकाराचा इतिहास घडला. वर, जिथे पाऊस पडतो तिथे, भात निघाला की माणसं कामाच्या शोधात घाट उतरतात. भंडारदऱ्याच्या पर्यटनाकडे या हिशेबानेही पाहायला हवं. वरच्या वाड्यांना पाण्याचं थोडंफार मोल मिळायला लागलं ते पर्यटक आल्यावर, आणि धरण होऊन तोवर कितीतरी पिढ्या गेल्या होत्या.

म्हणूनच मी तिथे शेंडीतल्या हॉटेलांपेक्षा तलावाच्या मागच्या अंगाचा वळसा सुचवतो. रतनवाडी, साम्रद, घाटघर. रतनवाडीला पाण्यापासून हाकेच्या अंतरावर अमृतेश्वराचं देऊळ आहे, शिलाहारकालीन मानलं जाणारं. त्याच्या शिखरावरचं कोरीव काम सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावं. मागे रतनगड, माथ्यावर नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक. साम्रदला सांदण दरी, कातळाला पडलेली अरुंद, खोल भेग, जिच्या तळाशी ऊन दिवसातून थोडाच वेळ पोहोचतं. घाटघरला गेलं की सह्याद्री एकदम संपतो आणि खाली कोकण दिसतं. उत्तरेला कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. एवढं सगळं एका तलावाभोवती महाराष्ट्रात दुसरीकडे मला ठाऊक नाही. या वाड्यांमधून आता बऱ्याच घरांनी पर्यटकांची सोय केली आहे. अंगणात तंबू, घरात जेवण. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि सांगितलं तर गावठी कोंबडी. तंबूच हवा असा हट्ट नसेल तर ओसरीवर पथारी पसरा. डिसेंबरातल्या वाऱ्यात ओसरीच बरी.

भंडारदऱ्याला खरी झुंबड उडते ती थंडीत नाही, मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, काजव्यांसाठी. वळीव पडून गेले की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे जमतात आणि अख्खं झाड एका लयीत उजळतं, विझतं. हा प्रकाश थंड असतो. ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य, ल्युसिफेरेज हे विकर आणि प्राणवायू यांच्या क्रियेतून तो तयार होतो. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, ओलसर पाचोळ्यात गोगलगायी खात जातं. पंख फुटल्यावर हातात राहतात ते थोडेच दिवस, आणि त्या दिवसांत नराने मादीला खुणावायचं, मादीने उत्तर द्यायचं, अंडी घालायची. काही जातींच्या माद्यांना उडता येत नाही. त्या गवतात, जमिनीवर असतात.

आता त्या झाडाखाली शंभर माणसं उभी करा, मोबाइलच्या विजेऱ्या लावा आणि रस्त्यावर गाड्यांचे हेडलाइट सोडा. नराची खूण मादीला दिसत नाही, आणि मादी बुटाखाली जाते. ‘काजवा महोत्सव’ या नावाने हे गेली काही वर्षं चाललं आहे. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ साली घोषित झालेल्या. वनविभाग आणि गावं मिळून वेळेची मर्यादा, गाड्यांचं नियमन, झाडाभोवती दोरी असे उपाय करतात. गर्दीच्या रात्री ते पुरे पडत नाहीत. काजव्यांनाच जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा, गाडी गावात ठेवा, स्थानिक वाटाड्या घ्या आणि झाडापासून लांब, वाटेवरच उभे राहा. फोटोत ते नाहीतरी नीट येत नाहीत.

लोणावळ्याजवळच्या राजमाचीलाही काजवे दिसतात, आणि उधेवाडीत राहायची-जेवायची सोय कित्येक वर्षांपासून आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’मुळे मराठी वाचक त्या माचीला न जाताही ओळखतो. त्या कादंबरीतला एकांत मात्र आता पावसाळ्यातल्या रविवारी शोधूनही सापडणार नाही.

मुळशीचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण तिथला काठ बहुतांशी खाजगी रिसॉर्टांनी आणि वीज कंपनीच्या कुंपणांनी वाटून घेतलेला आहे. मुंबईला वीज हवी म्हणून मुळा नदी अडवायचं ठरलं, मुळशी पेट्यातली बावन्न गावं त्यात जाणार होती. १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्यात उतरले आणि मुळशीमुळेच त्यांना ‘सेनापती’ हे नाव चिकटलं. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर मोलाचं संशोधन केलं. धरणाविरुद्धचा हा जगातला पहिला संघटित लढा, असं त्यांचं म्हणणं. लढा हरला, धरण झालं. ताम्हिणीला धबधबे बघायला जाताना डावी-उजवीकडे दिसणारं ते पाणी हेच. त्या रस्त्याने एकदा तरी व्होरांचं या लढ्यावरचं पुस्तक वाचून जावं.

भाटघर मला त्याहून आवडतं. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर १९२७ साली पुरं झालेलं धरण. आजचं नाव येसाजी कंक जलाशय. गर्दी कमी, काठ लांब, गावं छोटी. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की कांबरे गावाजवळचं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं. मे महिन्यात ते पाहायला जायचं तर तंबूचा विचार सोडा. दिवसभर दगड तापतात आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतात. भाटघरचा काठ नोव्हेंबर ते जानेवारीचा. रात्री दिवे कमी असल्याने आकाश चांगलं मिळतं. १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाला, चंद्र आडवा येत नसेल तर, पुण्याजवळ यापेक्षा सोयीची जागा मला माहीत नाही.

कोयनेचं पाणी या सगळ्यांत मोठं. शिवसागर जलाशय जावळीच्या दऱ्यांमधून बोटं पसरल्यासारखा शिरला आहे. धरणाची क्षमता १०५ टीएमसीच्या घरात. शंभराच्या आसपास गावं त्यात गेली, माणसं सांगली, सोलापूर, रायगड, पालघरपर्यंत विखुरली. पाण्याच्या पार टोकाला, घनदाट रानात, वासोटा किल्ला. बामणोलीहून लाँचने जायचं, वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची, चढायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. एकेकाळी ट्रेकर मंडळी इथे मुक्काम करत; ते दिवस गेले. २०१० साली कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि गाभ्यातल्या मुक्कामाला बंदी आली. जुने ट्रेकर यावर अजून कुरकुरतात. माझं मत सरळ बंदीच्या बाजूने आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या गाजलेल्या किल्ल्यांमध्ये वासोट्याचं रान अजून रानासारखं राहिलं याचं कारण तिथे रात्री कोणी पेटवलेली शेकोटी नसते.

मुक्कामाला बामणोली आहे, तापोळा आहे. तापोळ्याला कोयना, सोळशी आणि कांदाटीचं पाणी एकत्र येतं. हॉटेलवाले त्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणतात. जावळीचं खोरं काश्मीर म्हणून का खपवायचं हे मला कधी कळलेलं नाही. काठच्या गावांतून घरगुती राहण्याची सोय होते, लाँचवाले बहुधा धरणग्रस्त कुटुंबांतलेच असतात, आणि त्यांना विचारलं तर लाँच चालवता चालवता ते पाण्याखालच्या गावांची नावं एकामागून एक सांगतात. या भागात ‘नवीन महाबळेश्वर’ नावाचा गिरिस्थान प्रकल्प येऊ घातला आहे. तो येण्याआधी जाऊन या.

उजनीचा काठ कोणी रमणीय म्हणणार नाही. भीमेवरचं हे धरण १९८० साली झालं, पसरट, उथळ, झाडं जेमतेम, आणि पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेवाटे शेवटी याच पाण्यात येतं. तरी हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावला जावं. रोहित पक्षी येतात, पट्टकादंब येतात, आणि मच्छीमारांची पोरं होडीतून नेऊन पक्ष्यांची नावं बिनचूक सांगतात. मुक्कामही त्यांच्याच घरी. रात्री माशाचं तिखट कालवण आणि पहाटे साडेपाचला होडी. तंबूची गरज नाही.

आता सह्याद्री सोडून पूर्वेला जाऊ, कारण तिथे तलावांची गोष्ट उलटी आहे. भंडारा-गोंदियाला तलावांचा मुलूख म्हणतात, आणि हे तलाव कोणाला उठवून बांधलेले नाहीत. गोंड राजांच्या काळात, तलाव बांधील त्याला जमीन, अशा चालीने कोहळी समाजातल्या शेतकऱ्यांनी ते खोदले, बांधले. पुढे मालगुजारांकडे गेले, मग सरकारकडे. आता सरकारी भाषेत त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, माजी मालगुजारी. त्यांतला एक थोरला म्हणजे नवेगावबांध. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास तो बांधला. सात बहिणींचे डोंगर त्याच्याभोवती उभे आहेत. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून त्यांनी हा तलाव मराठीत आणला. २०२५च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्यानंतर नवेगावला जाणारा माणूस पक्षी पाहायला जातो की त्यांनी पाहिलेले पक्षी शोधायला, हे सांगणं कठीण आहे.

जवळच नागझिरा. व्यंकटेश माडगूळकर तिथे जाऊन राहिले आणि त्या मुक्कामावर त्यांनी त्याच नावाचं पुस्तक लिहिलं. १९७० साली अभयारण्य झालेलं हे रान २०१३ साली नवेगावसह व्याघ्र प्रकल्पात आलं. वाघाच्या रानात स्वतःचा तंबू ठोकता येत नाही आणि येऊही नये. वनविभागाच्या विश्रामगृहांची, संकुलांची आगाऊ नोंदणी करावी लागते. पश्चिम महाराष्ट्रातली मंडळी विदर्भात येतात ती ताडोबाला, वाघ पाहून त्याच गाडीने परत. नवेगावच्या बांधावर एक आख्खी संध्याकाळ बसणारे थोडे, हे विदर्भाच्या पथ्यावरच पडलं आहे.

नागपूरच्या उत्तरेला पेंच व्याघ्र प्रकल्पाने २०२४च्या जानेवारीत एक वेगळा मान मिळवला. देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे जिथला अंधार जपलेला आहे असं आकाश-उद्यान. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा, वाघोली या भागातल्या गावांमध्ये रस्त्यावरचे दिवे बदलून प्रकाश खाली, जमिनीकडे वळवला. तलावाकाठी आकाशनिरीक्षणाची सोय केली. सिल्लारीला वनविभागाचं पर्यटक संकुल आहे, राहायची व्यवस्था होते. चांदण्यासाठी एखाद्या सरकारी खात्याने गावाचे दिवे बदलावेत ही मला गेल्या काही वर्षांतली सर्वांत चांगली पर्यटन योजना वाटते. हे मावळात का होऊ शकत नाही?

अंधाराचाच मुद्दा समुद्राकाठी आणखी टोकाचा होतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, नाना फडणवीसांच्या गावी, ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ सालापासून गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात. किनाऱ्यावर अंधार असेल तर सर्वांत उजळ समुद्रच असतो. तंबूंच्या माळा लावल्या तर पिल्लू उलट्या दिशेने जातं. वेळासने म्हणून किनाऱ्यावर तंबू न मांडता घरं उघडली. पाहुणा गावात राहतो, पहाटे आणि संध्याकाळी दोरीमागे उभा राहून पिल्लं समुद्रात जाताना पाहतो, आणि घरच्या पानावर उकडीचे मोदक खातो. काशीद-नागावच्या पुळणीवर तंबू लावायचा मोह होतो हे मान्य. पण भरतीची रेषा अमावास्या-पौर्णिमेला कुठवर चढते हे स्थानिकाला विचारल्याशिवाय तिथे झोपू नये.

थोडं व्यवहाराचं. पावसाळ्यात तलावाकाठी तंबू नको; जुलै-ऑगस्टमध्ये पाणी एका रात्रीत चढतं, आणि वीज पडते ती उघड्या माळावर. शेकोटीसाठी झाड तोडू नका. अभयारण्यात रानाला धोका होईल अशी आग पेटवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. किल्ल्यावरच्या कड्यांखाली आग्या मोहोळ असतं, तिथे धूर आणि अत्तर दोन्ही नको. बूट घालायच्या आधी झटका. सह्याद्रीत फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. जमिनीचा गारठा पाठीतून चढतो, म्हणून पांघरुणापेक्षा अंथरुणावर खर्च करा. संरक्षित किल्ल्यांच्या माथ्यावर मुक्काम आता गृहीत धरता येत नाही. पुरातत्त्व खातं किंवा वनविभाग, जागा ज्याची असेल त्याला विचारूनच निघा. राज्याने २०२१ साली साहसी पर्यटन धोरण आणलं, त्यात आयोजकांनी नोंदणी करायची आहे. तुमच्या आयोजकाकडे ती आहे का, एवढं विचारायला काय हरकत आहे? काठावर जीवरक्षक जाकिटं आहेत का, हेही विचारा.

आणि सर्वांत आधी, आगाऊ पैसे पाठवण्यापूर्वी, फोनवर विचारा की तंबू कोणाच्या जमिनीवर लागणार आहे. ज्याची जमीन आहे तो बहुतेक वेळा स्वतःच फोन घेतो, गावाचं नाव सांगतो, जेवणात काय हवं ते विचारतो. समोरचा अडखळला, तर दुसरं गाव बघा.